आडातलं गुपित: छोट्या चिपवर किल्ल्या कशा घडवतात

शेतातल्या मोटारीला लावायच्या मोबाइल स्टार्टरचा कोड मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आला होता. शेतीच्या फीडरला रात्रपाळीची वीज असली की दोन वाजता अंधारात विहिरीपर्यंत जावं लागतं. त्याऐवजी घरातून फोन लावून मोटार चालू करता यावी, म्हणून ही पेटी. आत एक मायक्रोकंट्रोलर, एक सिमकार्ड, एक रिले. सर्व्हरशी होणारं सगळं बोलणं एईएस नावाच्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे किल्ली ही गुप्त संख्या हाती असल्याशिवाय वाचता न येणारं. कोड नीटनेटका होता, त्यामुळे किल्ली जिथे तयार होते ती ओळ लगेच सापडली: चिपचा युनिक आयडी घ्यायचा, त्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे गणिताने घुसळून काढलेली ठरावीक लांबीची संख्या, काढायचा, हॅशचे पहिले १६ बाइट म्हणजे किल्ली.

वरवर पाहता यात वावगं काही दिसत नाही. प्रत्येक चिपचा आयडी वेगळा, म्हणजे प्रत्येक पेटीची किल्ली वेगळी. हॅश उलटा फिरवता येत नाही. पण तोच ९६ बिटांचा आयडी पुढे दुसऱ्या एका फाइलमध्ये भेटला. सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला ‘मी अमुक पेटी बोलतेय’ हे सांगायला तो उघडाच जोडलेला होता. म्हणजे एक संदेश ज्याच्या नजरेस पडला, त्याच्या हातात किल्ली आली. त्याला दुसऱ्याच्या शेतातली मोटार रात्रभर चालवता येईल, किंवा पिकाला पाणी द्यायच्या ऐन वेळी बंद पाडता येईल.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. किल्ल्या घडवण्याच्या कामात ही म्हण अक्षरशः खरी आहे. गणित कितीही भक्कम असलं तरी ते गुपित निर्माण करत नाही. आधीपासून असलेलं गुपित ते गाळून घेतं, वाटून देतं, हव्या त्या मापाचं करून देतं. आड कोरडा असेल तर एसएचए-२५६चा पोहरा कितीही वेळा सोडा, रिकामाच वर येणार.

हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर झाल्याचं एक जुनं उदाहरण युरोपातलं आहे. थॉमसन कंपनीचे स्पीडटच राउटर घरी येत तेव्हा त्यांच्यावर वायफायचं नाव आणि पासवर्ड आधीच घातलेला असे. पासवर्ड दिसायला अगदी अगम्य. २००८ मध्ये उघड झालं की राउटरच्या अनुक्रमांकाचा एसएचए-१ हॅश काढून त्याचे पहिले पाच बाइट पासवर्ड म्हणून आणि शेवटचे तीन बाइट वायफायच्या नावात वापरले जात. आता अनुक्रमांकात बदलणारं असतं काय? वर्ष, आठवडा आणि तीन अक्षरं-आकडे. छत्तीसचा घन ४६,६५६. त्याला ५२ आठवड्यांनी गुणलं की वर्षाला चोवीस लाखांच्या आसपास शक्यता. सगळ्यांचे हॅश काढून कुठल्याचा शेवट त्या नावाशी जुळतो ते बघणं लॅपटॉपला जड नाही. आणि नाव तर राउटर स्वतःच रस्त्यापर्यंत ओरडून सांगत असतो.

मग मुळात एका गोष्टीतून दुसरी किल्ली काढायचीच कशाला? कारण एका पेटीला एक किल्ली पुरत नाही. संदेश एन्क्रिप्ट करायला एक, संदेश मध्येच कुणी बदलला नाही ना हे तपासायला दुसरी, फ्लॅशमधल्या नोंदींसाठी तिसरी, फर्मवेअरच्या, म्हणजे चिपवरच्या प्रोग्रॅमच्या, अपडेटसाठी चौथी. सगळीकडे एकच वापरली तर एका जागची गळती चारही दारं उघडते. चार वेगवेगळ्या साठवायच्या म्हटल्या तर सुरक्षित जागा मोजकी असते. पहिल्या ईएसपी३२ चिपमध्ये ईफ्यूजचे, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या जागेचे, २५६ बिटांचे फक्त चार ब्लॉक आहेत आणि त्यातला एक चिपच्या स्वतःच्या कामात जातो. म्हणून एक मूळ किल्ली जपून ठेवायची आणि बाकीच्या लागतील तेव्हा तिच्यातून काढायच्या.

ही काढण्याची पद्धत आज बहुतेक ठिकाणी एचकेडीएफ नावाने भेटते. ह्यूगो क्राव्चिक आणि पासी एरोनेन यांनी ती २०१० मध्ये आरएफसी ५८६९ म्हणून मांडली. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींचे क्रमांक दिलेले दस्तऐवज. तिच्या दोन पायऱ्या समजायला श्रीखंड आठवावं. दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी निथळून चक्का उरतो. तशी पहिली पायरी कच्च्या मालाचं सत्त्व काढते. कच्चा माल म्हणजे, उदाहरणार्थ, दोन उपकरणांनी डिफी-हेलमन पद्धतीने मिळून ठरवलेली संख्या. ती गुपित असते, पण तिचे बिट एकसारखे विखुरलेले नसतात, त्यामुळे ती थेट किल्ली म्हणून वापरू नये. सत्त्व काढल्यावर ३२ बाइटांचा घट्ट चक्का हाती येतो. दुसऱ्या पायरीत त्याच चक्क्यात केशर घातलं की केशरी श्रीखंड, आमरस घातला की आम्रखंड. केशर किंवा आमरस म्हणजे लेबल: ‘संदेश’, ‘नोंदी’, ‘अपडेट’. कुणाला आम्रखंडाची वाटी मिळाली तरी त्यातून चक्का वेगळा काढता येत नाही, आणि पलीकडच्या केशरी श्रीखंडाचाही थांग लागत नाही. फरक एवढाच की चक्का वाढून संपतो, मूळ किल्ली संपत नाही.

चिपवर दुसरी पायरी अगदी छोटी असते. लेबल घ्यायचं, त्यापुढे १ हा मोजणीचा बाइट लावायचा आणि मूळ किल्ली वापरून त्याचा एचमॅक, म्हणजे किल्ली मिसळून केलेला हॅश, काढायचा. ३२ बाइट मिळाले. आणखी हवे असतील तर हे ३२ बाइट, मग पुन्हा लेबल, मग २, आणि पुन्हा एचमॅक. मोजणीला एकच बाइट असल्यामुळे २५५ फेऱ्यांपलीकडे जाता येत नाही, म्हणजे जास्तीत जास्त ८,१६० बाइट. आपल्याला सहसा एक-दोन फेऱ्या पुरतात. अगदी साध्या कॉर्टेक्स-एम० चिपवरही हे काही मिलिसेकंदांच्या आत उरकतं. मूळ किल्ली आधीच खऱ्या यादृच्छिक बिटांची असेल तर पहिली पायरी गाळलीही चालते, आणि छोट्या उपकरणांवर बहुधा गाळतातच.

लेबलच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून काम करावं लागतं. समजा लेबल ‘नोंद’ आणि पुढे सेन्सरचा क्रमांक १२ जोडला. दुसऱ्या कुणीतरी लेबल ‘नोंद१’ ठेवून सेन्सर २ जोडला. दोन्हीकडे तयार होणारी अक्षरांची ओळ ‘नोंद१२’. दोन वेगळ्या कामांसाठी नकळत एकच किल्ली झाली. म्हणूनच अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या एसपी ८००-१०८ या मार्गदर्शकात लेबल आणि पुढची माहिती यांच्यामध्ये एक शून्य बाइट ठेवायला सांगितलंय. एका बाइटाची ही भिंत विसरली तरी उपकरण बिनबोभाट चालत राहतं, आणि म्हणून चूक वर्षानुवर्षं कळत नाही.

आता आडात पाणी आहे, पण पोहऱ्यावरून आडापर्यंत पोचता येतं, अशी परिस्थिती बघू. गाड्यांच्या आणि गॅरेजच्या दारांच्या रिमोटमध्ये कीलॉक नावाची पद्धत दीर्घकाळ वापरली गेली. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात ती जन्मली आणि पुढे अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीकडे गेली. प्रत्येक रिमोटची ६४ बिटांची स्वतःची किल्ली. ती उत्पादकाच्या एका मास्टर किल्लीतून आणि रिमोटच्या अनुक्रमांकातून काढलेली. कल्पना चांगली. पण काही उत्पादकांनी ‘काढलेली’ याचा अर्थ घेतला एक्सऑर: मास्टर किल्ली आणि अनुक्रमांक यांचा बिटाला बिट लावायचा, दोन्ही सारखे असले तर ०, वेगळे असले तर १. एक्सऑरचा स्वभाव असा की तोच पुन्हा केला की मूळ संख्या परत मिळते. आणि अनुक्रमांक तर रिमोटचं बटण दाबलं की हवेत उघडा जातो. तेव्हा एका रिमोटची किल्ली फुटली की त्या उत्पादकाच्या सगळ्या रिमोटची मास्टर किल्ली फुटली.

एका रिमोटची किल्ली फोडणं किती कठीण होतं? २००८ मध्ये बेल्जियम आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी दाखवलं की रिमोट ६५ मिनिटं हाती लागला तर ६४ प्रोसेसर कोअरवर ७.८ दिवसांत किल्ली सापडते. एक्सऑर असेल तर एवढ्या मेहनतीत त्या उत्पादकाचे सगळेच रिमोट खुले.

बरं, एक्सऑरऐवजी उलट न फिरणारी पद्धत वापरली असती तर? तरी एक भगदाड होतंच. नवा रिमोट गॅरेजच्या रिसीव्हरला ओळखीचा करून द्यायचा असतो तेव्हा रिसीव्हर त्याचा अनुक्रमांक ऐकतो आणि त्यावरून त्याची किल्ली स्वतः काढतो. त्यासाठी रिसीव्हरकडे मास्टर किल्ली असावीच लागते. म्हणजे दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक रिसीव्हरच्या पोटात सगळ्या घराण्याची मास्टर किल्ली! त्याच २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या गटाने चिप काम करताना क्षणाक्षणाला किती वीज ओढते ते मोजून ती बाहेर काढली. पुढच्या वर्षी त्यांनी रिसीव्हरच्या विजेच्या एकाच मोजणीवरूनही ती मिळते हे दाखवलं. विजेची ही नाडी बघणं म्हणजे काही जादू नव्हे. एका बिटाच्या जागी ० आहे की १, यावर चिपमधले किती ट्रान्झिस्टर हलतात ते ठरतं, आणि तेवढा फरक ऑसिलोस्कोपवर दिसतो.

आठ वर्षांनी हाच प्रकार दिव्यांत झाला. २०१६ मध्ये एयाल रोनेन, आदी शमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिप्स ह्यू या स्मार्ट बल्बची फर्मवेअर अपडेटची किल्ली विजेच्या मोजणीवरून काढली. उपकरणं काहीशे डॉलरची, सहज मिळणारी. ती किल्ली त्या प्रकारच्या सगळ्या बल्बना सारखीच होती. एका बल्बच्या किल्लीवर उत्पादकाची म्हणून खपेल अशी फर्मवेअर बनवता आली, आणि ड्रोनवर उपकरण लावून इमारतीतल्या बल्बचा ताबा घेण्याचं प्रात्यक्षिकही त्यांनी केलं. मला या दोन्ही प्रकरणांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मास्टर किल्लीचा पत्ता. वीज मोजून किल्ली काढता येते हे १९९९ पासून जगाला माहीत आहे. हातात येणाऱ्या वस्तूतली किल्ली कधी ना कधी बाहेर येईल, हे धरूनच चालायला हवं. मग त्या वस्तूत फक्त तिची स्वतःची किल्ली असू द्यावी, घराण्याची नको.

हे नीट केलेलं पाहायचं तर पुन्हा दक्षिण आफ्रिकेतच जावं लागतं. तिथल्या प्रीपेड वीज मीटरमध्ये एसटीएस नावाची पद्धत चालते. ग्राहक पैसे भरतो, त्याला २० आकड्यांचं टोकन मिळतं, ते तो मीटरच्या बटणांवर टाइप करतो आणि युनिट जमा होतात. मीटरला इंटरनेट लागत नाही. टोकन खरं की खोटं हे मीटर आपल्या किल्लीने तपासतो. ही किल्लीही मास्टर किल्ली आणि मीटर क्रमांक यांतूनच काढलेली असते. पण काढण्याचं काम मीटर करत नाही. मास्टर किल्ली विक्रीच्या बाजूला, कुलूपबंद सुरक्षा-यंत्रात राहते. मीटरच्या पोटात फक्त स्वतःचा पोहरा. मीटर फोडून कुणी किल्ली काढली तर त्याला त्या एकाच घरची वीज फुकट मिळेल.

या मीटरची परीक्षा २०२४ मध्ये झाली. टोकनमध्ये वेळ २४ बिटांत लिहिलेली असते, १ जानेवारी १९९३ पासून मोजलेल्या मिनिटांत. २४ बिटांत १,६७,७७,२१६ मिनिटं मावतात, म्हणजे जेमतेम ३१.९ वर्षं. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी मोजणी संपणार होती. त्याआधी मीटर-मीटरला नवी किल्ली आणि नवी आरंभतारीख द्यायची होती. उपाय असा: नवी किल्ली जुन्या किल्लीखाली गुंडाळून, म्हणजे जुनीने एन्क्रिप्ट करून, २०-२० आकड्यांच्या दोन टोकनांत ग्राहकाच्याच हाती द्यायची. घरातल्या माणसाने चाळीस आकडे टाइप केले की किल्ली बदलली. हे शक्य झालं कारण जुनी किल्ली अजून गुपित होती. हे वाक्य लक्षात असू द्या, शेवटी स्टार्टरच्या पेटीपाशी त्याची गरज पडणार आहे.

आता आडाकडे वळू. मूळ किल्ली येते कुठून? सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे यादृच्छिक संख्या. पण नुकतंच चालू झालेलं छोटं उपकरण त्या बाबतीत फार गरीब असतं. माउस नाही, कीबोर्ड नाही, घड्याळ शून्यावर. २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या. या किल्ल्या जोडीने येतात: सार्वजनिक उघड सांगायची, खासगी गुपित ठेवायची. टीएलएस, म्हणजे वेबवरचं सुरक्षित बोलणं, वापरणाऱ्या ०.५० टक्के यंत्रांच्या आरएसए पद्धतीच्या खासगी किल्ल्या त्यांना गणिताने काढता आल्या, कारण वेगवेगळ्या उपकरणांनी बूट होताना एकच मूळसंख्या निवडली होती. त्यांतली बहुतेक राउटर-फायरवॉलसारखी बिनकीबोर्डाची उपकरणं होती. तेव्हा चिपमध्ये हार्डवेअरचा यादृच्छिक स्रोत असेल तर तो खरोखर चालू झालाय ना हे तपासून मगच बिट घ्यावेत. नाहीतर कारखान्यातल्या भरवशाच्या यंत्राने संख्या तयार करून चिपमध्ये घालावी.

घातलेली संख्या बहुधा ईफ्यूजमध्ये बसते. तीही अभेद्य नाही. २०१९ मध्ये एका संशोधकाने पहिल्या ईएसपी३२ला अगदी नेमक्या क्षणी विजेचा झटका देऊन, वाचायला बंदी असलेली ईफ्यूजची किल्ली वाचून दाखवली. त्या कुटुंबातल्या ईएसपी३२-एस२सारख्या नंतरच्या चिपमध्ये मला आवडणारी एक सोय आहे. ईफ्यूजमधली किल्ली प्रोग्रॅमला वाचताच येत नाही. प्रोग्रॅम फक्त लेबल पुढे करतो, एचमॅकचं हार्डवेअर आतल्या आत हिशेब करून उत्तर देतं. पोहरा मिळतो, आडात डोकावता येत नाही. फर्मवेअरमध्ये बग निघाला तरी मूळ किल्ली त्यातून गळत नाही.

दुसरा मार्ग मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो: किल्ली साठवायचीच नाही. एसरॅमच्या, म्हणजे चिपमधल्या तात्पुरत्या स्मृतीच्या, प्रत्येक पेशीत दोन इन्व्हर्टर (० चा १ आणि १ चा ० करणारी छोटी सर्किटं) एकमेकांचे शेपूट धरून बसलेले असतात. वीज आली की पेशी ० कडे झुकते किंवा १ कडे. कागदावर दोघे सारखे, पण सिलिकॉनमध्ये कुठलेही दोन ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे होत नाहीत, म्हणून बहुतेक पेशींचा कल ठरलेला असतो आणि तो त्या चिपपुरताच असतो. बोर्डाला वीज द्या आणि काही लिहिण्याआधी हजारभर पेशी वाचा: त्या चिपचा अंगठ्याचा ठसा तुमच्यासमोर येतो. पुन्हा वीज द्या, बहुतेक बिट तसेच, थोडे वेगळे. थंडी-उकाड्यात आणखी थोडे बदलतात. किल्लीत एकही बिट बदललेला चालत नाही, म्हणून कारखान्यात एकदा चूक-दुरुस्तीची पूरक माहिती काढून ठेवतात. ती उघडी राहिली तरी किल्ली कळू नये अशा रीतीने ती बनवण्याचं गणित डोडिस, रेझिन आणि स्मिथ यांनी २००४ मध्ये मांडलं. वीज बंद असताना चिप कापून बघितली तरी किल्ली कुठेच लिहिलेली नसते. एनएक्सपीच्या एलपीसी५५एस६९ या मायक्रोकंट्रोलरमध्ये हे हार्डवेअर तयारच येतं. स्वतः करून बघायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा: बूटलोडरने त्या पेशींना हात लावण्याआधी त्या वाचा, आणि वीज घालवून लगेच परत देऊ नका, कारण जुना डेटा क्षणभर पेशींत रेंगाळतो आणि ठसा म्हणून तोच वाचला जातो.

मूळ किल्ली कोणाला वापरू द्यायची, यावर डाइस नावाची रचना आहे. बूट होताना चिप आपलं गुपित आणि पुढे चालणाऱ्या फर्मवेअरचा हॅश एकत्र करून एक नवी किल्ली काढते, ती पुढच्या थराला देते आणि मूळ गुपिताचं दार पुढच्या रीसेटपर्यंत बंद करते. फर्मवेअरमध्ये एक बाइट बदलला तरी किल्ली वेगळी. घुसखोर फर्मवेअर चालेल, पण तिच्या हाती जुन्या किल्ल्या लागणार नाहीत. याची किंमतही आहे: खरं अपडेट आलं तरी किल्ली बदलतेच. म्हणून जपायचा डेटा कधीच न बदलणाऱ्या थराच्या किल्लीला बांधावा लागतो.

माणसाच्या पिनमधून किल्ली काढायची असेल तर चिपची ताकद अपुरी पडते. पिनचे अंदाज लावणं महाग पडावं म्हणून मुद्दाम भरपूर स्मृती खाणारी आरगॉन२ नावाची पद्धत आहे. तिच्या आरएफसीत कमी स्मृतीच्या यंत्रांसाठी सुचवलेला पर्यायही ६४ मेबिबाइट मागतो. साध्या मायक्रोकंट्रोलरमध्ये किलोबाइटांत मोजावी इतकीच रॅम असते. मॅटर या स्मार्ट-घर मानकाने आठ आकडी पिन ठेवली, पण तिच्यावरून थेट किल्ली बनवण्याऐवजी स्पेक२प्लस नावाचा संवाद वापरला, ज्यात प्रत्येक अंदाजासाठी उपकरणाशी नव्याने बोलावं लागतं. शक्य असेल तिथे मी पिन टाळतो आणि डब्यावरच्या क्यूआर कोडमध्ये १२८ यादृच्छिक बिट छापायला सांगतो.

स्टार्टरच्या नव्या बोर्डांचं काम सरळ झालं. मास्टर किल्ली सर्व्हरच्या सुरक्षा-यंत्रात. कारखान्यात तिच्यातून त्या पेटीपुरती ३२ बाइटांची किल्ली काढून चिपमध्ये घालायची, मग चिपच्या आत डोकावू देणारा डीबग पोर्ट कायमचा बंद. संदेश, नोंदी, अपडेट यांच्या किल्ल्या चिप स्वतः काढते आणि काम झालं की रॅममधून पुसते. हे पुसणंही तपासून बघावं लागतं, कारण पुढे न वाचल्या जाणाऱ्या जागेवर शून्य लिहिणं कंपायलरला (कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला) वायफळ वाटतं आणि तो ती ओळच काढून टाकतो. आरएफसी ५८६९ मधला पहिला चाचणी-नमुना, ज्याचं अपेक्षित उत्तर तिथे दिलेलं असतं, चिपवर चालवला. तो ४२ बाइट मागतो, ३२च्या पटीत नसलेले, त्यामुळे दुसऱ्या फेरीतली आणि तोडण्यातली चूक तिथेच उघडी पडते. मग दोन बोर्ड शेजारी ठेवले. किल्ल्या छापायला लावल्या नाहीत. दोघांना एकच चाचणी-संदेश एन्क्रिप्ट करायला सांगितला. दोन ओळी वेगळ्या आल्या. वीज घालवून, दहा सेकंद थांबून पुन्हा दिली. त्याच दोन ओळी.

प्रश्न राहिला शेतात आधीच पोचलेल्या पेट्यांचा. नवी किल्ली जुन्या किल्लीखाली गुंडाळून पाठवायची, हा मीटरचा मार्ग इथे बंद होता, कारण यांची जुनी किल्ली प्रत्येक संदेशाच्या कपाळावर लिहिलेली होती. पेटीत सर्व्हरची सार्वजनिक किल्ली असती तर पेटीला सर्व्हर ओळखता आला असता. पण समोरची पेटी खरी की तोतया, हे सर्व्हरने कशावरून ठरवायचं? त्यामुळे आता लॅपटॉप आणि केबल घेऊन माणूस विहिरीवर जातो, पेटीचं झाकण उघडतो, नवी किल्ली आत घालतो, झाकण लावतो आणि शेतकऱ्याच्या फोनवरून मोटार एकदा चालू करून बघतो.